आईचं इन्सुलिन आणि विश्वाच्या तारा

वाचकाचं पत्र

मी इचलकरंजीला असते, आई मिरजेला दादाकडे. आईचं वय ६६. बऱ्याच वर्षांचा मधुमेह, अलीकडे इन्सुलिन चालू आहे. मागच्या वर्षी बाबा गेले आणि त्यानंतर आई एका ‘ऊर्जा शिबिरा’ला जायला लागली. तिथले सर सांगतात, ‘स्ट्रिंग थिअरीने सिद्ध केलंय की सगळं विश्व म्हणजे कंप पावणारी ऊर्जा आहे. आजार म्हणजे खालच्या पातळीचं कंपन. विचार बदला, कंपन वर जाईल, आजार सुटेल.’ आई रोज ५२८ हर्ट्झचं संगीत लावून बसते. तिची झोप सुधारली आहे, ती हसते-बोलते, हे मला नाकारता येत नाही. पण गेले काही दिवस ती रात्रीचं इन्सुलिन मुद्दाम चुकवते आहे. पुढच्या ‘लेव्हल’साठी ३५,००० रुपये भरायचेत. मी विरोध केला तर दादा म्हणतो, ‘तू निगेटिव्ह आहेस.’ परवा आई म्हणाली, ‘हे आधी कळलं असतं तर तुझे बाबा वाचले असते.’ मला रडू आलं. मी कॉमर्सची, त्या सरांना उत्तर देण्याइतकं विज्ञान मला येत नाही. स्ट्रिंग थिअरी खरंच असं म्हणते का? आणि आईशी बोलू तरी कसं?

उत्तर

प्रिय ताई,

आधी इन्सुलिनचं बोलू, स्ट्रिंग थिअरी नंतर.

हे पुढे वाचायच्या आधी दादाला फोन करा आणि आईंची साखर आत्ता ग्लुकोमीटरवर किती आहे ते बघायला सांगा. मग त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवा की रात्रीचे डोस चुकले आहेत. चुकलेलं भरून काढायचं म्हणून अंदाजाने जास्त युनिट देऊ नका; किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. फार तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. साखर वाढलेली असताना माणसाला काही दिवस बरंच वाटत राहतं आणि बिघडायला लागलं की तासांत बिघडतं. आई हसऱ्या दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका.

आता तुमचा प्रश्न. स्ट्रिंग थिअरी असं म्हणत नाही. ती जे म्हणते ते नीट समजून घेतलं तर त्या सरांचा दावा तिथेच संपतो. हे समजायला कॉमर्सची पदवी आड येत नाही, मी शब्दांत सांगते.

१९६८ साली गाब्रिएले व्हेनेझियानो हा तरुण इटालियन शास्त्रज्ञ अणुकेंद्रातल्या कणांच्या टकरींचा हिशेब बसवत होता. त्याला आढळलं की गणितातलं एक जुनं सूत्र तिथे चपखल बसतं. का बसतं, हे लगेच कळलं नाही. पुढच्या दोनेक वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड या तिघांनी, स्वतंत्रपणे, ओळखलं की हे गणित ताणलेल्या, थरथरणाऱ्या तारेचं आहे. अणुकेंद्राच्या कोड्याला पुढे दुसरंच उत्तर मिळालं आणि तारा अडगळीत गेल्या असत्या. पण १९७४ मध्ये शर्क आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं की तारेच्या कंपनांपैकी एकाचे गुणधर्म हुबेहूब गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या कणाचे असावेत तसे आहेत. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम भौतिकी (अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणारी) यांचा मेळ बसत नाही, हे विसाव्या शतकातलं मोठं दुखणं होतं, आजही आहे. त्यावर तोडगा सापडेल अशी आशा तिथून जागी झाली. १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी त्या गणितातली एक मोठी विसंगती मिटवली, आणि जगभरचे हुशार तरुण या विषयाकडे वळले.

कल्पना अशी. आई भजनी मंडळात गायच्या असतील तर त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. तंबोऱ्याची एकच तार छेडली तरी तिच्यात मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी स्वर असतात, कारण तार एका वेळी अनेक तऱ्हांनी कंप पावू शकते. स्ट्रिंग थिअरी म्हणते, विश्वातले मूलभूत कण हे ठिपके नसून अतिसूक्ष्म तारा आहेत, आणि तारेच्या कंपनाची तऱ्हा कोणती त्यावर तो कण कोण हे ठरतं. एका तऱ्हेने थरथरली तर इलेक्ट्रॉन, दुसऱ्या तऱ्हेने तर प्रकाशाचा फोटॉन.

या वाक्यातून काय निघतं ते बघा. तारेच्या कंपनाने ठरतं ते कण कोण हे. त्यामुळे विश्वातला प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच तऱ्हेने कंप पावतो. तुमच्या आईंच्या शरीरातला, त्या सरांच्या शरीरातला, मिरज जंक्शनच्या रुळांतला आणि सूर्यातलाही. आनंदी माणसाचा इलेक्ट्रॉन आणि खचलेल्या माणसाचा इलेक्ट्रॉन यांत तिळाचा फरक नाही. निरोगी स्वादुपिंडातल्या आणि थकलेल्या स्वादुपिंडातल्या इलेक्ट्रॉनांतही नाही. समजा एखादी तार खरोखरच ‘वरच्या’ कंपनात गेली, तर तो इलेक्ट्रॉन राहणारच नाही. रासायनिक बंध इलेक्ट्रॉनांवर उभे आहेत आणि शरीर त्या बंधांवर. स्ट्रिंग थिअरीत कंपन उंचावून माणूस बरा होण्याला जागाच नाही. कंपन बदललं तर शरीरच शिल्लक राहत नाही.

आणि ते बदलणं किती अवघड आहे पाहा. आपल्याला माहीत असलेले सगळे कण हे तारेच्या सगळ्यांत खालच्या पायरीवरचे. तारांचा ताण शास्त्रज्ञ साधारणपणे धरतात तेवढा धरला, तर एका तारेला पुढच्या पायरीवर चढवायला लागणारी ऊर्जा घरच्या मीटरच्या हिशेबात पाचशे युनिटांच्या घरात जाते. एखाद्या घराची दोन-तीन महिन्यांची वीज, आणि तीही एका कणाच्या एका तारेसाठी. आईंच्या शरीरात नुसते इलेक्ट्रॉनच एकावर २८ शून्यं इतके आहेत. विचार बदलून हे होत नाही. शिबिराने होत नाही. जगातल्या सगळ्यांत मोठ्या यंत्रानेही होत नाही.

ते यंत्र म्हणजे जिनिव्हाजवळचं २७ किलोमीटर घेराचं, कण एकमेकांवर आदळवणारं लार्ज हेड्रॉन कोलायडर. २०१२ मध्ये तिथे हिग्ज कण सापडला. पण तारा थेट बघायला लागणारी ऊर्जा तिथल्या टकरींच्या ऊर्जेच्या सुमारे एकावर १५ शून्यं इतक्या पट आहे. तार किती बारीक मानली जाते? ती फुगवून एक मिलिमीटरची केली आणि त्याच प्रमाणात प्रोटॉनही फुगवला, तर तो साधारण दहा प्रकाशवर्षं रुंद होईल. प्रोटॉन स्वतःच अणूपेक्षा हजारो पट लहान असतो, हे लक्षात घ्या. म्हणून ‘सिद्ध केलंय’ हा त्या सरांचा शब्द खोटा आहे. आजवरच्या एकाही प्रयोगाने स्ट्रिंग थिअरी सिद्ध केलेली नाही. तिला आपल्या ओळखीच्या तीन दिशांखेरीज आणखी सहा दिशा लागतात. त्या दिसलेल्या नाहीत. तिच्याशी जोडलेले जे जास्तीचे कण कोलायडरमध्ये मिळतील अशी अनेकांना आशा होती, तेही आजवर मिळालेले नाहीत.

म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीचा (आतली रचना किती वेगवेगळ्या तऱ्हांनी होऊ शकते त्याच्या मापाचा) हिशेब स्ट्रिंग थिअरीने १९९६ मध्ये, काही खास प्रकारच्या कृष्णविवरांसाठी, सूक्ष्म पातळीवरून मोजून दाखवला आणि तो आधीच्या सूत्राशी तंतोतंत जुळला. या विषयात आपल्या देशातली मोठी माणसं आहेत. अलाहाबादच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेत बसून अशोक सेन यांनी केलेलं काम जगाने डोक्यावर घेतलं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा नावाजलेला गट आहे. तिथे काम केलेले अतीश दाभोलकर २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या सैद्धांतिक भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले. ते नरेंद्र दाभोलकरांचे पुतणे. एकाच घरातल्या काकांनी लोकांना भोंदूंपासून सोडवण्यात आयुष्य घातलं, त्यापायी २०१३ मध्ये पुण्यात प्राण गमावले, आणि पुतण्याने स्ट्रिंग थिअरीत नाव कमावलं. त्याच थिअरीचं नाव घेऊन कुणी एका विधवा बाईचं इन्सुलिन सोडवतं, हे वाचून माझा संताप झाला.

‘सगळं ऊर्जा आहे’ या वाक्यातला खरा भागही सांगते, कारण तो सुंदर आहे आणि आईंनाही आवडेल. आपलं वजन जवळजवळ सगळं प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं. त्यांच्या आत क्वार्क नावाचे आणखी छोटे कण असतात. पण क्वार्कांची स्वतःची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम एक टक्का भरतो. उरलेलं सगळं त्यांच्या धावपळीची आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या बलाची ऊर्जा. आइन्स्टाइनचं समीकरण आपल्या हाडामांसात दर क्षणी खरं होत असतं, आणि हे मोजून पक्कं झालेलं आहे. फक्त ही ऊर्जा विचारांनी कमी-जास्त होत नाही. ती आजारी माणसात कमी नसते आणि संतात जास्त नसते.

वैद्यकातही कंपनं रोज वापरात आहेत. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप) यंत्रात शरीरातल्या हायड्रोजनची केंद्रकं सुमारे ६४ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतात, त्यावरून चित्र तयार होतं. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, मुतखडा फोडायला आघातलहरी वापरतात. या प्रत्येक ठिकाणी विचारलं तर उत्तर मिळतं की काय कंप पावतंय, सेकंदाला किती वेळा, कोणत्या यंत्राने मोजलं आणि दुसऱ्याने मोजलं तर तेच येतं का. हेच प्रश्न शिबिराच्या सरांना विचारा. माझी खात्री आहे, उत्तरात आकडा येणार नाही; आलाच तर तो कशाने मोजला हे येणार नाही.

५२८ हर्ट्झचं तर घरातल्या पेटीवरच बघता येईल. पांढरी एकचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ५२३ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे ५२८ हा त्यापेक्षा जरासा चढा सूर, भजनात आपण आयुष्यभर ऐकलेला. तो डीएनए दुरुस्त करतो असं सांगतात. हवेत या सुराची लहर सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची असते आणि डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे त्या लहरीपेक्षा कोट्यवधी पट कमी. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि सेकंद हे माप माणसाने दिवसाचे ८६,४०० भाग करून ठरवलं. आपण दिवसाचे एक लाख भाग केले असते तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता. त्या आकड्यात विश्वाचं गुपित असू शकत नाही.

पण आईंना त्या संगीताने झोप लागते, आणि ती झोप खरी आहे. डोळे मिटून शांत बसणं, संथ श्वास, ओळखीच्या माणसांची सोबत, कुणीतरी रोज ‘कशा आहात’ म्हणून विचारणं, यांनी दुःखातलं माणूस सावरतं. त्याला स्ट्रिंग थिअरीच्या दाखल्याची गरज नाही. आपल्याकडची नादब्रह्माची कल्पनाही कित्येक शतकं आपल्या बळावर उभी आहे. तिला भौतिकीचा टेकू द्यायला जाणारे दोन्हींचं नुकसान करतात. म्हणून आईंशी बोलताना शिबिरावर हल्ला चढवू नका. त्यांनी तिथून उचललेला आधार तुम्ही हिसकावून घेताय असं त्यांना वाटलं तर त्या इन्सुलिनही सोडतील आणि तुम्हालाही तोडतील.

मिरजेला जा. फोनवर हे बोलणं होणार नाही. दादा-वहिनींसमोर नको, आई एकट्या असताना बसा. त्यांना सांगा, ‘आई, तू बसतेस ते बस, संगीत लाव, मला त्याचा आनंद आहे. माझं मागणं एवढंच आहे की सुई चुकवू नकोस.’ दोन्हींतलं एक निवड असं म्हणू नका. इन्सुलिन हा त्यांच्या श्रद्धेचा पराभव नाही, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायला मिळू दे. जमलं तर ही गोष्ट सांगा: १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोच्या दवाखान्यात १४ वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस ढकलण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. त्याच्या मनात त्या दिवशी कोणते विचार होते यावर काहीच अवलंबून नव्हतं.

आणि बाबांबद्दल आई जे म्हणाल्या ते तसंच सोडू नका. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यांत जड वाक्य तेच वाटलं. आजार हा खालच्या कंपनाचा परिणाम, असं एकदा मानलं की मेलेला माणूस स्वतःच्या विचारांमुळे मेला असं ठरतं, आणि मागे राहिलेल्या बायकोला वाटत राहतं की आपण वेळेवर काही केलं नाही. उद्या आईंची साखर वाढली तर त्यांनाही हेच सांगितलं जाईल, तुमचेच विचार कमी पडले. ही शिकवण निर्दय आहे. आईंचा हात हातात घेऊन त्यांना सांगा की बाबा आजाराने गेले, त्यांच्या विचारांनी नाही, आणि तू त्यांच्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलंस. एकदा सांगून पुरणार नाही. त्या पुन्हा तसं म्हणतील, तुम्ही पुन्हा सांगा. मला वाटतं, शिबिराची पकड सैल होईल तर ती इथे होईल, माझ्या इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने नव्हे.

दादाशी मात्र हिशेबानेच बोला. तो तुम्हाला निगेटिव्ह म्हणतो, म्हणू दे. त्याला विचारा, शिबिरातल्या कुणी ‘इन्सुलिन बंद करा’ असं सही करून लिहून द्यायला तयार आहे का. बहुतेक वेळा तोंडी सुचवलं जातं, ‘औषधं आपोआप सुटतील’ म्हणतात, आणि काही बिघडलं की ‘आम्ही कुठे बंद करा म्हटलं’ म्हणून हात वर करतात. पुढच्या लेव्हलचे ३५,००० भरू नका. आई अडून बसल्या तर ‘आधी तीन महिने साखर ताब्यात ठेवू, मग विचार करू’ एवढं म्हणा. त्यांच्या पत्रकावर मधुमेह बरा करण्याचा दावा छापलेला असेल तर ते जपून ठेवा. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेहावर अशी जाहिरात करायला बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते आणि तुमच्या भागातल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांचीही मदत मिळेल. हे आईंना धमकी म्हणून सांगू नका. आधी त्यांची तब्येत मार्गावर येऊ दे.

डॉक्टरांकडे जाताना जुनी फाईल, इन्सुलिनची शेवटची चिठ्ठी आणि गेल्या काही दिवसांत कोणते डोस चुकले याची टाचणं न्या. आईंना आत रागावलं जाईल अशी भीती असेल तर तुम्ही आधी जाऊन डॉक्टरांशी दोन मिनिटं बोला, त्या का चुकवत होत्या ते सांगा. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्या. त्यात साधारण मागच्या तीन महिन्यांची साखरेची सरासरी कळते, एका चांगल्या दिवसाने ती फसत नाही. संध्याकाळच्या फोनची वेळ ठरवून घ्या, सुईच्या वेळेच्या जरा आधीची, आणि साखरेखेरीज इतरही बोला. भजनी मंडळाच्या बायकांपैकी कुणाशी आईंचं अजून बोलणं असेल तर त्यांना घरी बोलवायला वहिनींना सांगा. बाबा गेल्यानंतर भजनाला जाणं बंद झालं असेल, तर कुणीतरी न्यायला आल्याशिवाय त्या आपणहून जाणार नाहीत.